हार्टच्या ऑपरेशनला कपाळावर पट्ट्या कशाला?

म्हापशाच्या आमच्या मामांचं बायपास झालं तेव्हा डॉक्टर म्हणाले, कपाळावर दोन पट्ट्या लावणार, मेंदूचा ऑक्सिजन बघायला. मामी लगेच, "अहो पण दुखणं तर छातीत ना?" प्रश्न तसा बरोबरच होता, आणि त्याचं उत्तर शोधायला गेलं की थेट 1953 ला पोचतो.

त्या वर्षी 6 मे ला फिलाडेल्फियात जॉन गिबन यांनी हार्ट-लंग मशीनवर 18 वर्षांच्या मुलीच्या हृदयातलं भोक बुजवलं, 26 मिनिटं तिच्या हृदयाचं न् फुप्फुसांचं सगळं काम मशीनने केलं. मुलगी वाचली. पण हृदय थांबवायची सोय झाली तरी मेंदू थांबवता येत नाही ना, वजनाने शरीराच्या जेमतेम 2 टक्के पण ऑक्सिजन खातो 20 टक्क्यांच्या आसपास, आणि रक्त बंद पडलं तर नॉर्मल तापमानाला काही मिनिटांतच पेशी मरायला लागतात. म्हणून तर शरीर थंड करायची युक्ती आली, थंडीत मेंदूची भूक कमी होते.

बरं, तो आत उपाशी आहे हे कळणार कसं? पेशंट बेशुद्ध, विचारणार कोणाला! ईईजी होता, हान्स बर्गरनी 1924 मध्येच माणसाच्या मेंदूतल्या विजेच्या लहरी टिपल्या होत्या, पण भुलीचं औषध आणि थंडी दोन्हीने त्या लहरी मंदावतात, मग कारण नक्की कुठलं ते ओळखणं कठीण. 1982 मध्ये रुने आस्लिड यांनी कानशिलाच्या पातळ हाडातून डॉपलरचा, म्हणजे रक्ताचा वेग मोजणाऱ्या यंत्राचा, कानाला न ऐकू येणारा आवाज आत पाठवला आणि मेंदूकडे जाणाऱ्या रक्ताचा वेग कळायला लागला, शिवाय मशीनमधून हवेचा बुडबुडा किंवा गुठळीचा कण तिकडे गेला तर तोही ऐकू येतो.

मामांच्या त्या पट्ट्यांचं मूळ मात्र 1977 चं. फ्रान्स योब्सिस यांनी दाखवलं की लाल रंगाच्या पलीकडचा, डोळ्यांना न दिसणारा प्रकाश चामडी न् हाडातून आत जातो आणि रक्तात ऑक्सिजन किती त्यावर तो कमी-जास्त शोषला जातो. साधी टॉर्च हातावर धरली की बोटं लाल दिसतात ना, साधारण तसंच समजा. आता पट्टीने दाखवलेला ऑक्सिजनचा आकडा सुरुवातीपेक्षा 20 टक्क्यांनी घसरला की टीम बघते, मान वाकडी तर झाली नाही, नळी सरकली का, प्रेशर वाढवायचं का, हिमोग्लोबिन किती.

पण पट्टी फक्त कपाळामागचाच भाग बघते, मागे काही झालं तर तिला पत्ता नाही. हे मी मामींना सांगितलं नाही.