आंबिलीतले जिवाणू मेले तरी चालतील

म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात परवा नाचणीच्या पिठाचं एक पाकीट हाती आलं. पुढे ठळक ‘लॅक्टोबॅसिलसयुक्त प्रोबायोटिक’ आणि मागे बारीक अक्षरांत ‘दहा मिनिटे उकळावे’. प्रोबायोटिक म्हणजे पुरेशा संख्येनं जिवंत पोटात जाऊन उपयोगी पडणारे जिवाणू. उकळीत हे बिचारे कसे टिकणार?

पण त्यांच्या मरणाचं मला फारसं दुःख नाही. त्यांचं मोठं काम त्याआधीच भांड्यात उरकलेलं असतं.

100 ग्रॅम नाचणीत 300 मिलिग्रॅमहून जास्त कॅल्शियम असतं, पण ते सगळं अंगी लागत नाही. आड येतं फायटिक आम्ल. बी आपला फॉस्फरस याच रूपात साठवतं. सहा कार्बनांचं कडं, प्रत्येक कार्बनाला एक फॉस्फेट, सगळे ऋणभारित. लोह, जस्त, कॅल्शियम धनभारित. कुर्लीनं नांगीत धरावं तसे ते अडकतात. ही नांगी तोडणारं फायटेज हे विकर (एन्झाइम) आपल्या आतड्यात जवळजवळ नाहीच. धान्यात ते असतं, पण त्याला पीएच 5 च्या आसपासचा आंबटपणा मानवतो. पीठ कालवून रात्रभर ठेवलं की जिवाणू साखर खाऊन लॅक्टिक आम्ल सोडतात, पीएच उतरतो, म्हणजे आंबटपणा वाढतो, आणि विकर एकेक फॉस्फेट तोडू लागतं. दोन-तीन गळाले तरी पकड ढिली पडते.

रंगाची गोष्ट जरा अवघड. खाजनातल्या, म्हणजे गोव्याच्या खारट जमिनीतल्या, कोरगुट या तांदळाचा तांबडा रंग टॅनिन या तुरट द्रव्यांच्या कुळातला, आणि टॅनिनही लोह धरून ठेवतात. आंबवल्यावर ते बहुधा कमी होतात. काळ्या तांदळाचा जांभळा रंग म्हणजे अँथोसायनिन. तांदूळ भिजवलेल्या पाण्यात लिंबू पिळा, लाल होईल. सोडा टाका, निळसर होईल. काही जिवाणू या रेणूची साखर काढून घेतात, मग उरलेला भाग अस्थिर होऊन प्रोटोकॅटेच्युइक आम्लासारख्या लहान रेणूंत मोडतो. पेशीभित्तिकेला जखडलेलं फेरुलिक आम्लही थोडं सुटतं. हे सारं मुख्यतः परीक्षानळीत आणि उंदरांत पाहिलेलं. माणसांवरचे प्रयोग थोडेच. तेव्हा ‘काळा तांदूळ खा, मधुमेह पळवा’ हा व्हॉट्सअ‍ॅपवरचा गंडाच समजा. आणि तांदूळ पांढराशुभ्र सडून घेतलात तर रंग कोंड्याबरोबर गुरांच्या पोटात.

आमची आजी पीठ रात्री मडक्यात भिजवायची, सकाळी शिजवायची आणि आंबील पूर्ण निवल्यावरच ताक घालायची. जिवंत जिवाणू पोटात जायचे ते त्या ताकातले. निवण्याची वाट का बघायची, असं विचारलं तर म्हणायची, “ऊन आंबिलीत ताक फाटतं.”