विद्युत मोटारींच्या बॅटऱ्या : एलएफपी व एनएमसी

लिथियम-आयन बॅटऱ्यांचे धनाग्राच्या (कॅथोडच्या) द्रव्यावरून पडणारे दोन मुख्य प्रकार. एलएफपीमध्ये लिथियम आयर्न फॉस्फेट, तर एनएमसीमध्ये निकेल, मँगॅनीज व कोबाल्ट यांचे मिश्र ऑक्साइड असते. ऋणाग्र (अॅनोड) दोन्हींत सामान्यतः ग्रॅफाइटचे.

एलएफपीच्या शोधाचे श्रेय बहुधा टेक्सस विद्यापीठातील जॉन गुडइनफ यांच्या गटाला दिले जाते. त्यांचा शोधनिबंध १९९७ चा. मात्र जपानच्या एनटीटी कंपनीने त्याआधीच, १९९५ च्या सुमारास, पेटंटचा अर्ज केला होता. विद्यापीठाने दावा लावला व २००८ मध्ये तडजोड झाली. मूळ द्रव्य विजेचे फार मंद वाहक होते. ते सुधारले कशाने, यावरही मतभेद आहेत. रसायनशास्त्रज्ञ मिशेल आर्मां व सहकाऱ्यांनी कणांवर कार्बनचा थर दिला. एमआयटीतील येट-मिंग चियांग यांच्या गटाने २००२ मध्ये स्फटिकात इतर धातूंचे अंश मिसळल्याने वाहकता वाढल्याचे मांडले. पुढे ही वाढ कणांच्या पृष्ठभागावरील फॉस्फाइडांमुळे (धातू व फॉस्फरस यांच्या संयुगांमुळे) होत असावी, असा आक्षेप आला. कार्बनच्या थराचे स्पष्टीकरण अधिक पटणारे आहे. एनएमसी २००० च्या आसपास अनेक प्रयोगशाळांत जवळजवळ एकाच वेळी आकाराला आले.

सुरक्षिततेतील फरकाचे मूळ ऑक्सिजनात आहे. फॉस्फेटात तो फॉस्फरसशी घट्ट बांधलेला असतो. एनएमसीचे ऑक्साइड तापले की तो सुटतो व आगीला आतूनच पुरवठा होतो. अनियंत्रित तापवाढ पूर्ण चार्ज झालेल्या एनएमसीत साधारण २००° से. च्या पुढे, तर एलएफपीत त्याहून बऱ्याच वरच्या तापमानाला सुरू होते; एनएमसीचे नेमके आकडे निकेलच्या प्रमाणानुसार बदलतात. तरीही एलएफपी अग्निरोधक नव्हे. तिच्यातील विद्युत-अपघटनी द्रव (इलेक्ट्रोलाइट) ज्वालाग्राही असतो आणि बाहेर पडणाऱ्या वायूत हायड्रोजन बराच असतो. बंदिस्त गॅरेजात हे ध्यानात ठेवलेच पाहिजे.

पल्ल्यात एनएमसी सरस. तिचा घट (सेल) सुमारे ३.७ व्होल्टचा, एलएफपीचा ३.२. घटांच्या पातळीवर एनएमसीत किलोमागे बहुधा २०० वॉट-तासांहून अधिक ऊर्जा मावते, एलएफपीत त्याहून कमी. घट थेट पॅकमध्ये, म्हणजे गाडीच्या संपूर्ण बॅटरीत, बसवण्याच्या पद्धतीने हे अंतर घटले आहे. टाटा नेक्सॉन विद्युत एलएफपीवर चालते, ह्युंदाई कोना एनएमसीवर.

सोलापुरात मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो आणि उन्हात उभ्या गाडीचा पॅक तापलेलाच असतो. महामार्गावरून येऊन लगेच जलद चार्जिंगला लावल्यास शीतनाचे पंखे घोंघावू लागतात व नियंत्रक प्रवाह कमी करतो. उष्णतेने दोन्ही प्रकार लवकर जीर्ण होतात. गोठणबिंदूखाली चार्जिंग मंदावणे हा एलएफपीचा दोष येथे उद्भवत नाही. अक्कलकोट, तुळजापूर वा पंढरपूर येथे जाऊन-येऊन करण्यास तिचा पल्ला पुरतो. सुमारे २५० किमी.वरील पुण्यासाठी मात्र पॅकचा आकार पाहावा लागतो. एलएफपीचा व्होल्टेज डिस्चार्जच्या मोठ्या टप्प्यात जवळपास सपाट राहतो. त्यामुळे उरलेल्या चार्जचा अंदाज चुकून मोहोळ-टेंभुर्णीदरम्यान पडद्यावरचा आकडा एकाएकी उतरू शकतो. म्हणूनच अनेक उत्पादक एलएफपी गाडी ठरावीक काळाने १०० टक्के चार्ज करण्यास सांगतात.