क्लिक जातं कुठे? हायपरकार्डची पहिली ओळख

कोड न लिहिता ॲप बनवून देणाऱ्या साधनांच्या जाहिराती सध्या रोज डोळ्यांवर आदळतात, आणि 'इतिहासात प्रथमच' हे शब्द त्यांत हमखास असतात. प्रथमच कसलं! ॲपलच्या मॅक संगणकांवर एकमेकांना जोडलेली कार्डं मांडून कुणालाही आपला प्रोग्रॅम बनवू देणारं हायपरकार्ड ऑगस्ट १९८७ मध्ये आलं. वेबचा प्रस्ताव टिम बर्नर्स-ली यांनी मांडला तो मार्च १९८९ मध्ये. आणि 'हायपरटेक्स्ट', म्हणजे लिंकांनी जोडलेला मजकूर, ही संज्ञा टेड नेल्सन यांनी १९६५ मध्येच वापरली होती. तेव्हा लिंक ही इंटरनेटची देणगी, हा समजही सोडून द्यायला हरकत नाही.

हायपरकार्ड घडवलं ॲपलचे प्रोग्रॅमर बिल ॲटकिन्सन यांनी. नव्या मॅकबरोबर ते फुकट मिळालं पाहिजे असा त्यांचा आग्रह होता, आणि कंपनीने तो मानला. यातला दस्तऐवज म्हणजे कार्डांचा गठ्ठा, म्हणजेच 'स्टॅक'. मूळ आवृत्तीत एक कार्ड ५१२ बाय ३४२ पिक्सेलचं, काळं-पांढरं, त्या काळच्या छोट्या मॅकच्या पडद्याएवढंच.

लिंक करायला दोन मिनिटंही लागत नाहीत. 'ऑब्जेक्ट्स' मेनूतून नवं बटण घ्यायचं, त्यावर डबल-क्लिक करायचं, 'लिंक टू' निवडायचं, हव्या त्या कार्डावर जाऊन 'धिस कार्ड' म्हणायचं. झालं. पण खरी गंमत पुढे आहे. तेच बटण पुन्हा उघडून 'स्क्रिप्ट' पाहिलीत, तर तुमच्यासाठी हायपरकार्डनेच तीन ओळी लिहून ठेवलेल्या दिसतात. 'ऑन माउसअप', मग कुठल्या कार्डावर जायचं तो हुकूम, शेवटी 'एंड माउसअप'. म्हणजे लिंक ही वेगळी वस्तू नाहीच. तो एक छोटासा प्रोग्रॅम आहे.

माउसचं बटण सोडलं की 'माउसअप' नावाचा संदेश निघतो. सरकारी कचेरीतल्या अर्जासारखा तो एकेक पायरी वर चढतो: आधी बटण, मग कार्ड, मग अनेक कार्डांची समाईक पार्श्वभूमी, मग स्टॅक, मग 'होम' स्टॅक (हायपरकार्ड सुरू होताच उघडणारा) आणि शेवटी खुद्द हायपरकार्ड. वाटेत ज्याच्याकडे त्या नावाची स्क्रिप्ट असेल, तो संदेश निकालात काढतो आणि प्रवास तिथेच संपतो. आता समजा, बटणं कोरी ठेवून स्क्रिप्ट पार्श्वभूमीत लिहिली. ती पार्श्वभूमी वापरणाऱ्या सगळ्या कार्डांवरची सगळी कोरी बटणं एका दमात कामाला लागतात! मूळ क्लिक कुठे झालं हे 'द टार्गेट' विचारून कळतं. संदेश अडवून आपलं काम उरकायचं आणि 'पास माउसअप' म्हणून तो वर धाडायचा, हीही सोय आहे. कार्डाने अडवून पुढे सोडलेल्या संदेशाचं 'टार्गेट' तरीही बटणच राहतं, कार्ड नव्हे. नवशिके इथे हटकून गोंधळतात. आजच्या वेबपानांतही क्लिक असंच आतल्या घटकाकडून बाहेरच्या घटकांकडे चढत जातं.

'मिस्ट' हा १९९३ चा गाजलेला खेळ मॅकवर याच हायपरकार्डात बनला होता. तोकडी पडली ती लिंकची धाव: नेटवर्कवरच्या दुसऱ्या यंत्रातल्या कार्डापर्यंत पोहोचण्याची सोय मुळात नव्हती. आपण नेटवर्कचा विचार केला नाही, याची खंत ॲटकिन्सन यांनी पुढे बोलूनही दाखवली. २००४ मध्ये ॲपलने विक्री थांबवली.

हात साफ करायचा असेल तर जुना मॅक शोधत हिंडायला नको. इंटरनेट आर्काइव्ह या ऑनलाइन संग्रहालयाने २०१७ पासून जुने स्टॅक ब्राउझरमध्येच चालतील असे ठेवले आहेत. बटणाचे मेनू दिसले नाहीत, तर 'गो' मेनूतून 'मेसेज' पेटी उघडून 'सेट यूजरलेव्हल टू ५' टाइप करून पाहा (अर्थात इंग्रजीत). नेहमीचा 'सेव्ह' मात्र शोधू नका, तो नाही. हायपरकार्ड प्रत्येक बदल आपण होऊनच डिस्कवर लिहून टाकतं, त्यामुळे मूळ मॅकवर स्टॅकची प्रत काढूनच प्रयोग करावे लागत. ब्राउझरमध्ये ती धास्ती नाही. वाटेल तशी मोडतोड करा आणि टॅब बंद करा.