केशरेषा (मोबाइल आलेखन)

केशरेषा : मोबाइलच्या पडद्यावर एका भौतिक पिक्सेलाएवढ्या जाडीची रेघ. यादीतील दुभाजक, चौकटीची कड, आलेखाची जाळी येथे ती वापरतात. संज्ञा छपाईतून आली असावी. तेथे अक्षराच्या सर्वांत बारीक फराट्यालाही हेच नाव आहे.

रेघ पिक्सेलांत बसवण्याची संगणकतज्ज्ञ ब्रेझनहॅम यांची रीत काही ठिकाणी १९६२ ची, तर काही ठिकाणी १९६५ ची मानली जाते. पहिले वर्ष आयबीएममधील मूळ कामाचे, दुसरे प्रकाशनाचे. येथे प्रकाशनवर्ष ग्राह्य धरले आहे. या रीतीत जवळचा पिक्सेल पूर्ण रंगतो, म्हणून तिरपी रेघ पायऱ्यापायऱ्यांची दिसते. आजच्या प्रणाली पिक्सेलाचा जेवढा भाग झाकला जाईल तेवढाच रंग देतात. पायऱ्या त्यामुळे मऊ होतात, पण आडव्या-उभ्या रेघा फिक्या आणि जाड दिसण्याचा दोषही येथूनच येतो.

कारण बहुधा जाडीत नसते, जागेत असते. आयओएसच्या (आयफोनच्या प्रणालीच्या) कोअर ग्राफिक्स या चित्र काढणाऱ्या संचात रेघ आखलेल्या मार्गाच्या दोन्ही बाजूंना निम्मी-निम्मी पसरते. एकपट पडद्यावर, म्हणजे जेथे १ पॉइंट (आयओएसचे मापाचे एकक) १ पिक्सेलाएवढा असतो तेथे, पूर्णांक स्थानी काढलेली १ पॉइंटाची रेघ दोन पिक्सेलांवर अर्धी-अर्धी पडते. ती अर्ध्या पॉइंटाने सरकवली की स्वच्छ होते. दुप्पट घनतेच्या पडद्यावर (आयफोन ४, २०१० पासून) तीच रेघ न सरकवताही बरोबर बसते; मात्र एका पिक्सेलाची, म्हणजे ०.५ पॉइंटाची रेघ ०.२५ ने सरकवावी लागते. तिप्पट पडद्यावर जाडी १/३ आणि सरक १/६. म्हणून ०.५ हा आकडा कोडमध्ये कायमचा लिहून ठेवणे चूक. तो पडद्याच्या पटीवरून काढावा. आयफोन ६ प्लसवर (२०१४) एवढे करूनही रेघ किंचित धूसर राही, कारण १२४२ × २२०८ पिक्सेलांचे चित्र १०८० × १९२० च्या पडद्यावर आकसून दाखवले जाई.

अँड्रॉइडमध्ये माप डीपी या घनतेवर न अवलंबणाऱ्या एककात देतात. १६० घनतेला (इंचामागे १६० पिक्सेल) १ डीपी म्हणजे १ पिक्सेल. २४० घनतेला तो दीड होतो, १२० ला पाऊण. माप पूर्णांकात आणताना अपूर्णांक नुसता छाटला, तर पाऊण पिक्सेलाची रेघ नाहीशीच होते. पूर्णांकन करणाऱ्या पद्धतीत शून्येतर माप किमान १ राखले जाते. पेंटची (रेघेचा रंग, जाडी ठरवणाऱ्या घटकाची) जाडी शून्य दिल्यास, कॅनव्हास (चित्रफलक) कितीही मोठा-लहान केला तरी, एकाच पिक्सेलाची रेघ मिळते. शून्य जाडी म्हणजे सर्वांत बारीक रेघ हा संकेत छपाईच्या पानांचे वर्णन करणाऱ्या पोस्टस्क्रिप्ट भाषेतही (सु. १९८४) आहे. कोअर ग्राफिक्सला मात्र शून्याहून मोठी जाडीच लागते.

ओपनजीएल ईएस या मोबाइलवरील आलेखन-मानकात १ पिक्सेलाखेरीज दुसऱ्या जाडीची हमी नाही. तेथे जाड रेघेसाठी त्रिकोण जोडतात.

देवनागरीची शिरोरेषाही लहान आकारात दोन पिक्सेलांवर विभागली जाऊन धूसर होते. ती पिक्सेलांच्या ओळीवर बसवण्याचे काम फाँटातील हिंटिंग, म्हणजे अक्षराच्या रेघा पिक्सेलांशी जुळवणाऱ्या सूचना, करते. अतिघन पडद्यावर मात्र एक पिक्सेल फिक्या राखाडी रंगात डोळ्यांना दिसतच नाही. तेथे रंग गडद करणे, किंवा सरळ दोन पिक्सेल घेणे, अधिक योग्य.