जनुकीय सुधारित पशुखाद्य : मान्यता, आयात आणि नागपूर परिसर

जनुकीय सुधारित (जीएम) पिकाचे धान्य, पेंड किंवा सरकी जनावरांच्या खाण्यासाठी देशात आणायची वा विकायची असेल, तर त्यासाठी लागणारी सरकारी संमती म्हणजे पशुखाद्य-मान्यता. लागवडीची मान्यता वेगळी आणि ही वेगळी. एखादे पीक देशात पेरता येत नसले तरी त्याची पेंड बंदरातून आत येऊ शकते. उलट, पेरणीला मान्यता मिळालेल्या पिकाची पेंड ‘जीएम’ अशी कुठलीही खूण अंगावर न वागवता गव्हाणीत पोचते. नागपूरच्या आसपास या दोन्ही गोष्टी घडल्या आहेत.

विदर्भात पेंडेला ढेप म्हणतात आणि नुसते ‘ढेप’ म्हटले तर बहुधा सरकीचीच समजतात. भारतात लागवडीखाली असलेले एकमेव जीएम पीक कापूस आहे. बीटी कापसाला (बोंडअळीला मारक प्रथिन तयार करणारे जिवाणूचे जनुक घातलेला कापूस) मार्च २००२ मध्ये मान्यता मिळाली आणि आज देशातील कापसाच्या क्षेत्रापैकी ९० टक्क्यांहून अधिक क्षेत्र बीटी वाणांचे आहे. एक क्विंटल कापूस जिनिंगमध्ये गेला की साधारण ३३ ते ३५ किलो रुई निघते आणि ६० किलोंहून जास्त सरकी उरते. वजनाने पाहिले तर कापूस हे धाग्याआधी सरकीचे पीक आहे. घाणीवर सरकीतून तेल निघते, ते माणसांच्या खाण्यात जाते. उरलेली ढेप दुभत्या गाईम्हशींपुढे येते. दूध संकलन केंद्रावर भाव फॅटवर ठरतो आणि ढेपेने फॅट लागते, हा गोपालकांचा रोजचा अनुभव आहे. सरकीत गॉसिपॉल नावाचे नैसर्गिक विषारी द्रव्य असते. रवंथ करणाऱ्या मोठ्या जनावरांना ते बऱ्याच अंशी सोसते, कोंबड्यांना सोसत नाही. म्हणून कोंबडीच्या खाद्यात सोयाबीनची पेंड लागते. बाजारात तिला ‘डीओसी’ (डी-ऑइल्ड केक, म्हणजे तेल काढलेली पेंड) म्हणतात.

बीटी कापसाला परवानगी देण्यापूर्वी दुभत्या गाई, म्हशी, शेळ्या, कोंबड्या आणि मासे यांना बीटी सरकी खाऊ घालून चाचण्या झाल्या होत्या. म्हणजे खाद्य म्हणून सरकीचा विचार झालाच नाही, असे म्हणणे चुकीचे ठरेल. पण तो लागवडीच्या अर्जाचा एक भाग म्हणून झाला. बाजारातल्या ढेपेवर त्यानंतर कोणाची नजर राहावी, हे कुठे ठरले नाही. या उणिवेचा परिणाम पुढे तणनाशक-सहनशील कापसाने दाखवून दिला. शेतकरी ज्याला ‘चोरबीटी’ म्हणतात, त्या वाणाला देशात मान्यता नाही, तरी ते विदर्भात पेरले जाते. जून २०१९ मध्ये अकोला जिल्ह्यातील अकोली जहांगीर येथे शेतकरी संघटनेने तंत्रज्ञान-स्वातंत्र्याची मागणी करत ते जाहीरपणे पेरले. जिनिंगच्या ढिगात मान्य आणि अमान्य कापूस वेगळा राहत नाही, त्यामुळे त्याची सरकीही वेगळी राहत नाही. बियाण्याच्या बेकायदेशीरपणाची चर्चा दर खरिपात होते. त्याच बियाण्यातून निघणाऱ्या खाद्याची मात्र कोणी करत नाही, आणि ती व्हायला हवी.

कायद्याची चौकट पर्यावरण (संरक्षण) अधिनियम १९८६ आणि त्याखालील १९८९ च्या नियमांनी आखली आहे. जीएम जीवांची आयात, निर्मिती, वाहतूक व वापर यांना केंद्रीय पर्यावरण मंत्रालयातील जनुकीय अभियांत्रिकी मूल्यमापन समितीची, म्हणजे ‘जीईएसी’ची, संमती लागते. २०१० मध्ये या समितीच्या नावातला ‘मान्यता’ हा शब्द जाऊन त्या जागी ‘मूल्यमापन’ आला. विदेश व्यापार धोरणानुसार जीएम माल असलेल्या खेपेसोबत तसे घोषणापत्र द्यावे लागते. ते नसताना जीएम अंश आढळला, तर आयातदारावर कारवाई होऊ शकते. माणसांच्या अन्नासाठी अन्नसुरक्षा आणि मानके अधिनियम २००६ आहे. त्याखालील आदेशाने २०२१ पासून २४ आयात अन्नपिकांच्या खेपेसोबत ‘जीएम नाही’ असे प्रमाणपत्र आवश्यक झाले आणि नकळत झालेल्या मिसळीची मर्यादा १ टक्का ठरली. मात्र याच अधिनियमाने ‘अन्न’ शब्दाची व्याख्या करताना पशुखाद्य स्पष्टपणे वगळले आहे. त्यामुळे जनावरांच्या खाद्याचा जनुकीय प्रश्न जवळजवळ पूर्णपणे पर्यावरण मंत्रालयाच्या पदरात पडतो, आणि ते मंत्रालय मुख्यतः एकच गोष्ट पाहते : आत येणारी वस्तू जिवंत आहे का? मातीत पडली तर उगवेल का?

२०२१ चा निर्णय याच प्रश्नाच्या उत्तरावर झाला. त्या उन्हाळ्यात सोयाबीन आणि डीओसीचे भाव भडकले, कोंबडीपालकांचा खर्च आवाक्याबाहेर गेला आणि त्यांनी आयातीची मागणी केली. २४ ऑगस्ट २०२१ रोजी विदेश व्यापार महासंचालनालयाने दळलेली, तेल काढलेली १२ लाख टन जीएम सोयापेंड आणण्यास परवानगी दिली. न्हावा शेवा हे त्यासाठीचे प्रमुख बंदर होते. दळून तेल काढलेल्या पेंडीत जिवंत जीव उरत नाही, म्हणून पर्यावरणाच्या दृष्टीने हरकत नाही, असे पर्यावरण मंत्रालयाचे म्हणणे होते. तर्क म्हणून ते बरोबर आहे, कारण पेंड उगवत नाही. पण ती खाणाऱ्या कोंबडीसाठी आणि जनावरासाठी ती कशी, हा वेगळा प्रश्न आहे आणि तो विचारण्याची जबाबदारी कोणत्या खात्याची, याचे स्वच्छ उत्तर त्या निर्णयात नव्हते. जीएम सोयाबीनपासून काढलेल्या तेलाच्या आयातीला २००७ पासून मान्यता होती, पेंडीला मात्र या निर्णयाने प्रथमच दार उघडले.

नागपूरच्या कळमना बाजारात आणि जिल्ह्यातल्या गावांत या निर्णयाचा अर्थ दराच्या भाषेत लावला गेला. सोयाबीन जूनमध्ये पेरतात आणि सप्टेंबरअखेरपासून काढतात. आयातीची मूळ मुदत ३१ ऑक्टोबर होती, म्हणजे नेमका काढणीचा हंगाम. ती पुढे ३१ जानेवारी २०२२ पर्यंत वाढली आणि मे २०२२ मध्ये आणखी साडेपाच लाख टनांना सप्टेंबरअखेरची मुदत मिळाली. सोयाबीनमधून वजनाच्या ८२ टक्क्यांच्या आसपास पेंड निघते. त्या हिशेबाने १२ लाख टन पेंड म्हणजे सुमारे १५ लाख टन सोयाबीनची जागा घेणारा माल. ऑगस्टमध्ये क्विंटलला दहा हजारांच्या घरात गेलेला दर नवा माल येईपर्यंत झपाट्याने खाली आला. नव्या पिकाची आवक, ओलावा आणि आयात या तिन्हींचा त्यात वाटा होता. फक्त आयातीला दोष देणे योग्य नाही, पण तिचा काळ शेतकऱ्याच्या सोयीने ठरवलेला नव्हता, हे खरे.

येथे एक गैरसमज दूर करायला हवा. जीएम बियाणे मागणारा शेतकरी जीएम पेंडीच्या आयातीला विरोध करतो, यात विसंगती नाही. परदेशातल्या शेतकऱ्याला जे वाण पेरता येते ते याला पेरता येत नाही, आणि त्याच वाणाच्या पेंडीशी याच्या मालाला स्पर्धा करावी लागते, ही त्याची तक्रार आहे. शिवाय भारतीय सोयापेंड जीएम नसल्यामुळेच काही परदेशी ग्राहक तिला जास्त भाव देतात.

युरोपीय संघात जीएम पिकांची लागवड अगदी थोडी, पण पशुखाद्यासाठी आयात प्रचंड आहे. तिथे प्रत्येक जनुकीय बदलासाठी अन्न व पशुखाद्य यांचे मूल्यमापन एकत्र होते, मान्यता दहा वर्षांची असते आणि ०.९ टक्क्यांहून अधिक अंश असल्यास खाद्याच्या लेबलवर तसे लिहावे लागते. अशा खाद्यावर वाढलेल्या जनावराचे दूध, मांस व अंडी यांना मात्र लेबलची सक्ती नाही. अन्न आणि खाद्य एकत्र तपासण्यामागचे शहाणपण अमेरिकेच्या एका प्रकरणातून कळते. ‘स्टारलिंक’ मक्याला तिथे केवळ पशुखाद्य व औद्योगिक वापरासाठी मान्यता होती. २००० साली तो माणसांच्या खाण्यातल्या टॅको या पदार्थाच्या मक्याच्या कवचांत आढळला, माल परत बोलवावा लागला आणि फक्त पशुखाद्यापुरती मान्यता देण्याची पद्धत तिथे बंद झाली. एकाच कोठारातून, एकाच ट्रकमधून जाणारे धान्य कागदावरच्या रेघेने वेगळे ठेवता येत नाही.

तपासणीची अडचणही समजून घेण्याजोगी आहे. नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेने (स्थापना १९७६) पाने आणि बियांतील बीटी प्रथिन काही मिनिटांत ओळखणारे किट विकसित केले. मात्र अशा किटमधल्या चाचणी-पट्ट्या प्रथिन शाबूत असेल तरच बोलतात. पेंड तयार होताना लागलेल्या उष्णतेने प्रथिनाची घडण बिघडते, मग डीएनए शोधणारी पीसीआर चाचणी करावी लागते आणि ती प्रयोगशाळेतच होते. शुद्ध केलेल्या तेलात तर डीएनएही जवळपास उरत नाही. मिसळ रोखणे किती अवघड आहे, याचा अनुभव याच संस्थेच्या ‘बिकानेरी नरमा बीटी’ या सार्वजनिक वाणाने दिला. २००९ मध्ये शेतकऱ्यांपर्यंत गेलेले हे वाण त्यात खासगी कंपनीचे जनुक आढळल्यावर मागे घ्यावे लागले.

बीटी वांग्यासाठी २०१० च्या सुरुवातीला सात शहरांत जनसुनावण्या झाल्या, त्यांत नागपूर होते. ९ फेब्रुवारी २०१० रोजी त्या वांग्याला स्थगिती मिळाली. ताटात येणाऱ्या भाजीबद्दल लोक बोलले, हे चांगलेच झाले. ढेपेच्या वाट्याला तशी सुनावणी आलेली नाही. नागपुरातच पशू व मत्स्य विज्ञान विद्यापीठ आहे आणि कापूस संस्थाही आहे. दोघांनी मिळून बाजारातल्या ढेपेचे नमुने नियमित तपासले, तर त्यात बुरशीचे अफ्लाटॉक्सिनही सापडेल. गोपालकासाठी हा धोका आज जनुकाहून जास्त जवळचा आहे, कारण ओलसर ढेपेतले हे विष दुधात उतरते.

सध्या पशुखाद्याच्या छापील पोत्यावर प्रथिने, स्निग्धांश, तंतू आणि ओलावा यांचे आकडे असतात. आतली सरकी किंवा सोया कोणत्या बियाण्याची, यासाठी त्यावर रकाना नाही.