मिड-रेंज पीसीवरील हाय-रिफ्रेश गेमिंग

मिड-रेंज पीसीवरील हाय-रिफ्रेश गेमिंग म्हणजे मधल्या किमतीच्या संगणकावर १४४० पी किंवा ४के रेझोल्यूशनमध्ये (चित्रातल्या ठिपक्यांच्या संख्येत), सेकंदाला १२० ते १६५ फ्रेमच्या, म्हणजे चित्रांच्या, वेगाने गेम चालवणे. मॉनिटर सोडून लाखाच्या अलीकडे-पलीकडे जुळणारा, सहा कोअरचा प्रोसेसर आणि २०२५ मध्ये आलेल्या आरटीएक्स ५०६० टीआय किंवा आरएक्स ९०६० एक्सटीच्या तोडीचे ग्राफिक्स कार्ड असलेला पीसी या गटात धरता येतो. त्याला १४४० पी आणि १४४ हर्ट्झ (मॉनिटर सेकंदाला जितक्या वेळा चित्र बदलतो तो आकडा) ही जोडी पेलते. जड गेममध्ये सेटिंग एक-दोन पायऱ्या उतरवावी लागते. ४के आणि १४४ हर्ट्झ एकत्र मात्र त्याच्या स्वतःच्या ताकदीवर पेलत नाही. मराठवाड्यात असा पीसी काय पेलेल हे ठरवताना मे महिन्यातली खोली आणि घरातली लाईट या दोन गोष्टीही विचारात घ्याव्या लागतात.

पिक्सेलचा हिशेब

१०८० पी चित्रात सुमारे २०.७ लाख पिक्सेल असतात, १४४० पीमध्ये ३६.९ लाख आणि ४केमध्ये ८२.९ लाख. याला सेकंदाच्या फ्रेमनी गुणले की कार्डावरचे ओझे कळते. १०८० पी २४० हर्ट्झ, १४४० पी १४४ हर्ट्झ आणि ४के ६० हर्ट्झ या तीन वेगळ्या वाटणाऱ्या मागण्या सेकंदाला ५० ते ५३ कोटी पिक्सेलच्या आसपासच येतात. ४के १४४ हर्ट्झ ही मागणी एकदम ११९ कोटींवर जाते. म्हणून मिड-रेंज कार्ड घेणाऱ्याने पहिल्या तिघांपैकी एक निवडावे आणि त्यातच मॉनिटर घ्यावा.

तिन्ही मागण्या प्रोसेसरला मात्र सारख्या नाहीत. शत्रू कुठे आहे, गोळी कुठे लागली, भिंत कशी कोसळली हे प्रत्येक फ्रेमला प्रोसेसर ठरवतो आणि रेझोल्यूशन वाढले म्हणून ते काम फारसे वाढत नाही. फ्रेम वाढल्या की वाढते. ६० हर्ट्झला एका फ्रेमसाठी १६.७ मिलिसेकंद मिळतात, १४४ हर्ट्झला ६.९ आणि २४० हर्ट्झला अवघे ४.२. व्हॅलोरंट किंवा काउंटर-स्ट्राइक २ खेळणाऱ्याला कार्डापेक्षा प्रोसेसर आणि रॅम आधी अडवतात ते यामुळेच. रॅमची १६ जीबीची एकच पट्टी लावून दिलेले पीसी दुकानांत सर्रास मिळतात. त्याऐवजी ८-८ च्या दोन पट्ट्या लावल्या की ड्युअल चॅनल (मेमरीच्या ये-जा करण्याच्या दोन वाटा) चालू होते आणि गेम अडखळणे बरेच कमी होते. सायबरपंक २०७७ सारख्या चित्रप्रधान गेममध्ये गोष्ट उलटी असते. तिथे सहा कोअर पुरतात आणि कार्डाला घाम फुटतो.

कार्ड घेताना मेमरीचा आकडा वाचलाच पाहिजे. ५०६० टीआय आणि ९०६० एक्सटी ही दोन्ही कार्डे त्याच नावाने ८ जीबी आणि १६ जीबी अशा दोन प्रकारांत विकली जातात. १४४० पीवर टेक्स्चरची (भिंती, कपडे अशा पृष्ठभागांच्या चित्रांची) सेटिंग उंच ठेवली की नव्या गेममध्ये ८ जीबी भरते. मग सरासरी फ्रेम चांगली दिसते, पण वळण घेताना चित्र थबकते. सरासरीपेक्षा सर्वांत हळू १ टक्का फ्रेमचा आकडा अधिक खरे सांगतो. बजेट ताणायचेच असेल तर ते इथे ताणावे. प्रोसेसर एक पायरी खालचा चालेल.

अपस्केलिंग आणि फ्रेम जनरेशन

एनव्हिडियाचे डीएलएसएस २०१९ मध्ये गेममध्ये आले आणि २०२० च्या दुसऱ्या आवृत्तीनंतर खऱ्या अर्थाने उपयोगाचे झाले. एएमडीचे एफएसआर २०२१ मधले. गेम कमी रेझोल्यूशनवर काढायचा आणि वर चढवून दाखवायचा, ही दोन्हींची पद्धत. १४४० पीवर क्वालिटी मोड लावला की आतले चित्र १७०७ × ९६० चे असते, म्हणजे पिक्सेल निम्म्याहूनही कमी. ४केवर परफॉर्मन्स मोड लावला की आतले चित्र १०८० पीचे. त्यामुळे मिड-रेंज पीसीवर ४के गेम चालतोय असे दाखवता येते आणि दूर बसून टीव्हीवर खेळणाऱ्याला ते गोडही लागते. पण चित्र चढवण्याचेही ओझे कार्डावर पडते आणि मेमरी जास्त लागते.

फ्रेम जनरेशनबद्दल सावध राहिले पाहिजे. दोन खऱ्या फ्रेमच्या मध्ये बनवलेली फ्रेम घुसवायची तर पुढची खरी फ्रेम थोडा वेळ रोखून धरावी लागते, म्हणजे माउस हलवल्यापासून चित्र हलेपर्यंतचा उशीर वाढतो. मुळात ६० च्या वर फ्रेम मिळत असतील तर चित्र छान गुळगुळीत होते. मुळात ३५ मिळत असताना आकडा १२० दिसला, तरी हाताला ३५ चाच जडपणा जाणवतो.

मराठवाड्यातील ऊन, माती आणि लाईट

छत्रपती संभाजीनगर, परभणी, नांदेडकडे मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो आणि पत्र्याच्या खोलीत त्याहून वाईट स्थिती असते. पंख्यांचा वेग तोच राहिला तर खोलीचे तापमान जितके चढते, जवळपास तितकेच कार्डाचेही चढते. २५ अंशांच्या एसी खोलीत ६८ अंशांवर असणारे कार्ड ४२ अंशांच्या खोलीत ८५ कडे जाऊ लागते. मग पंखे ओरडतात आणि कार्ड आपला वेग उतरवते. यूट्यूबवर पाहिलेले आकडे इथल्या दुपारी मिळत नाहीत, त्याचे हे एक साधे कारण आहे. उपाय फुकट आहे: पॉवर लिमिट, म्हणजे कार्डाने ओढायच्या विजेची मर्यादा, ८० टक्क्यांवर आणली तर फ्रेम थोड्याच कमी होतात आणि उष्णता बरीच उतरते. फ्रेमवर १४० ची मर्यादा घातली तर कार्ड उगाच २०० फ्रेम काढत तापत बसत नाही.

घराघरात कूलर असतो, पण त्याचा ओला झोत थेट कॅबिनेटवर घेऊ नये. ओलसर हवेत धूळ हीटसिंकच्या, म्हणजे उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या, पात्यांना चिकटून बसते आणि मग ब्लोअरने निघत नाही. माळवदाचे घर पत्र्यापेक्षा कितीतरी थंड, पण वरून माती झडते; तिथे कॅबिनेटच्या वरच्या जाळीवर फिल्टर हवाच. उन्हाळ्यात महिन्यातून एकदा तरी बाजूची काच काढून फुंकणी मारावी.

असा पीसी मॉनिटरसकट खेळताना साधारण ३०० ते ३५० वॉट ओढतो, म्हणजे तीन तासांना एक युनिट. ३६० वॉटचा ६०० व्हीएचा छोटा यूपीएस त्याला अगदी काठावर पुरतो. १००० व्हीएचा घ्यावा. घरच्या इन्व्हर्टरवर चालवायचा तर मागचा खटका यूपीएस मोडवर आहे का ते पाहावे. नॉर्मल मोडवर लाईट जाऊन इन्व्हर्टर चालू होईपर्यंतच्या क्षणात पीसी बंद पडू शकतो. स्क्वेअर वेव्हचा जुना इन्व्हर्टर चांगल्या एसएमपीएसशी (पीसीतल्या वीज पुरवणाऱ्या डब्याशी) जुळेलच असे नाही, साइन वेव्हचा असावा. कमी व्होल्टेजची भीती मात्र वाटते तेवढी नाही. एसएमपीएसवर १००-२४० व्होल्ट छापले असेल, तर संध्याकाळी शेतातल्या मोटारींमुळे दाब पडला तरी तो चालत राहतो. २००-२४० छापले असेल तर अडचण येते.

आणि अर्थिंग. कॅबिनेटच्या लोखंडाला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर बोर्डाचे तिसरे भोक नुसते नावाला आहे असे समजावे. एसएमपीएसमधल्या फिल्टरची गळती जमिनीत जायची ती पत्र्यावर येऊन थांबते. लाखाचे यंत्र लावण्याआधी वायरमनला बोलावून अर्थिंग तपासून घ्यावे, हा खर्च टाळण्यासारखा नाही.

मॉनिटर

२७ इंचावर १४४० पीमध्ये इंचाला सुमारे १०९ पिक्सेल बसतात. हाताच्या अंतरावर बसणाऱ्याला ते पुरेसे रेखीव दिसते. अ‍ॅडॅप्टिव्ह सिंक (मॉनिटरचा वेग फ्रेमच्या वेगाशी जुळवणारी सोय) असलेलाच मॉनिटर घ्यावा, कारण मिड-रेंज पीसीच्या फ्रेम ८० ते १४० मध्ये हेलकावे खातात आणि ते हेलकावे डोळ्यांना न जाणवू देण्याचे काम हीच सोय करते. जानेवारी २०१९ पासून एनव्हिडियाची कार्डेही अशा स्वस्त मॉनिटरवर ही सोय वापरू देतात. ज्यांच्या पीसीवर लग्नाच्या व्हिडिओचे एडिटिंगही चालते, त्यांनी ४के ६० हर्ट्झचा मॉनिटर घेतला तर तो निर्णय योग्यच आहे. नवा मॉनिटर जोडल्यावर केबल मदरबोर्डच्या नव्हे तर कार्डाच्या पोर्टात, शक्यतो डिस्प्लेपोर्टने लावावी, आणि विंडोजच्या अ‍ॅडव्हान्स्ड डिस्प्लेमध्ये जाऊन हर्ट्झ तपासावा. १४४ चा मॉनिटर बऱ्याचदा आपण होऊन ६० वरच चालू होतो.