आजारातून उठून बेचाळीस किलोमीटर

१९६६ साली अमेरिकेतल्या डॅलसमध्ये संशोधकांनी विशीतल्या पाच निरोगी तरुणांना तीन आठवडे अंथरुणावर झोपवून ठेवलं. कुणाला ताप नव्हता, जखम नव्हती, औषध चालू नव्हतं. उठायचं नाही, एवढीच अट. तीन आठवड्यांनी त्यांना पुन्हा ट्रेडमिलवर चढवलं, तेव्हा शरीराची ऑक्सिजन वापरण्याची कमाल क्षमता, धावणारे जिला ‘व्हीओटू मॅक्स’ म्हणतात ती, २७ टक्क्यांच्या आसपास घसरलेली होती. तीस वर्षांनी, पन्नाशीला आलेल्या त्याच पाच जणांना परत तपासलं. तीस वर्षांच्या वयाने आणि वाढलेल्या वजनाने केलेलं नुकसान त्या तीन आठवड्यांच्या नुकसानीपेक्षा कमी भरलं.

मोठ्या आजारातून उठून मॅरेथॉन, म्हणजे बेचाळीस किलोमीटरची शर्यत, धावायचं मनात असलेला माणूस जिना चढताना मध्येच थांबतो आणि म्हणतो, आजार अजून अंगात आहे. कधी असतोही. पण त्या धापेत खाटेचाही मोठा वाटा असतो, आणि खाटेने नेलेलं बरंचसं परत मिळतं, हे मला फार दिलाशाचं वाटतं. डॅलसच्या तरुणांनी सुमारे आठ आठवड्यांच्या सरावात गेलेलं सगळं मिळवलं, वर थोडं जास्तच.

आडवं पडल्यावर नेमकं होतं काय? उभ्या माणसाचं बरंच रक्त पायांकडे ओढलेलं असतं. तो आडवा झाला की ते छातीकडे येतं, शरीराची समजूत होते की अंगात पाणी जास्त झालंय, आणि मूत्रपिंडं ते बाहेर टाकू लागतात. काही दिवसांतच रक्तातला पातळ भाग, म्हणजे प्लाझ्मा, कमी होतो. हृदयात भरणारं रक्त कमी, म्हणून दर ठोक्याला बाहेर पडणारं रक्तही कमी. उभं राहिल्यावर डोळ्यांपुढे अंधारी येते ती बऱ्याचदा यामुळेच.

खऱ्या आजारात याच्यावर आणखी थर चढतात. अतिदक्षता विभागातल्या रुग्णांच्या मांडीचा पुढचा स्नायू सोनोग्राफीने मोजत गेलेला एक अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध झाला. दहाव्या दिवसापर्यंत त्या स्नायूच्या आडव्या छेदाचं क्षेत्रफळ सरासरी जवळजवळ १८ टक्क्यांनी आक्रसलं होतं. गंभीर संसर्गात शरीर स्वतःच्या स्नायूंतली प्रथिनं मोडून वापरतं, आणि नवी प्रथिनं बनवण्याचा वेग त्याला पुरा पडत नाही. फुप्फुसं एकाएकी निकामी होऊन व्हेंटिलेटरवर गेलेल्या आणि वाचलेल्या रुग्णांचा कॅनडात पाच वर्षं पाठपुरावा झाला. पाच वर्षांनंतरही ती माणसं सहा मिनिटांत सर्वसाधारणपणे ४३६ मीटर चालत होती. त्यांच्या वयाच्या निरोगी माणसांकडून अपेक्षित अंतराच्या हे सुमारे तीन चतुर्थांश होतं. फुप्फुसांच्या तपासण्या मात्र बहुतेकांच्या जवळजवळ ठीक येत होत्या.

म्हणजे एक अवयव सावरला म्हणून माणूस सावरला असं होत नाही. शरीर एकसाथ बरं होत नाही, त्याचा प्रत्येक भाग आपापल्या चालीने परततो. मॅरेथॉनची तयारी करू पाहणाऱ्याने शास्त्रातली एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल, तर माझ्या मते ती ही.

सगळ्यांत आधी येतो प्लाझ्मा. नियमित चालायला लागल्यावर काही दिवसांतच त्याचं प्रमाण वाढू लागतं, आणि पहिल्या पंधरवड्यात ‘अंगात जीव आला’ असं वाटतं ते काही अंशी त्यामुळे. ऑक्सिजन वाहून नेणाऱ्या लाल पेशींना वेळ लागतो. त्यांचं आयुष्य सुमारे १२० दिवसांचं, आणि केमोथेरपीने दबलेली अस्थिमज्जा त्या पुन्हा पुरेशा संख्येने बनवायला आठवडे, कधी महिने घेते. हिमोग्लोबिन कमी असताना वेग वाढवण्याचा हट्ट धरणं म्हणजे मालगाड्याच नसताना स्टेशनमास्तरला दोष देणं. स्नायूंच्या पेशींत ऑक्सिजन वापरून ऊर्जा बनवणाऱ्या तंतुकणिका, म्हणजे मायटोकॉन्ड्रिया, सरावाला चांगला प्रतिसाद देतात. जॉन होलोझी यांनी १९६७ साली उंदरांना ट्रेडमिलवर काही आठवडे पळवून दाखवलं की त्यांच्या स्नायूंतली ही यंत्रणा जवळजवळ दुप्पट होते. माणसातही सहा ते आठ आठवड्यांत फरक मोजता येतो.

हाडं आणि कंडरा, म्हणजे स्नायूंना हाडांशी जोडणारे दोर, मात्र सावकाश चालतात. हाडावर नवा भार पडू लागला की आधी जुनं हाड कुरतडणाऱ्या पेशी कामाला लागतात, आणि मग त्या पोकळ्यांत नवं हाड भरलं जातं. कुरतडणं काही आठवड्यांत उरकतं, भरण्याला महिने लागतात. म्हणजे सराव सुरू केल्यावर मधला काही काळ असा येतो की हाड पूर्वीपेक्षा थोडं कमकुवतच असतं. त्यात आजारात दीर्घकाळ स्टेरॉइड घेतलेली असतील तर ते मुळातच विरळ झालेलं असतं.

आता हे दोन वेग शेजारी ठेवून पाहा. दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात दम सुधारलेला असतो, मन उल्हसित असतं, हॉस्पिटलचे दिवस मागे पडल्याचा आनंद असतो. श्वास म्हणतो, चल अजून पाच किलोमीटर. नडगीचं हाड अजून तयार नसतं. नेमक्या याच काळात नडगीत किंवा तळपायाच्या हाडांत बारीक चीर पडण्याचा धोका मोठा असतो. एकाच ठिकाणी बोट दाबलं की दुखतं, धावताना दुखणं वाढत जातं, आणि पुढे रात्रीही ठणकतं. असं दुखणं अंगावर काढू नये. आजाराने आधीच एकदा घरी बसवलेल्या माणसाला दुसऱ्यांदा बसायला लागणं किती जिव्हारी लागतं, हे त्यातून गेलेल्यालाच कळतं.

सगळ्यांत मंद चाल मज्जातंतूंची. व्हिन्क्रिस्टीन, पॅक्लिटॅक्सेल, ऑक्झॅलिप्लॅटिन यांसारख्या कर्करोगावरच्या औषधांनी पावलांतल्या संवेदना बोथट होऊ शकतात. तुटलेला मज्जातंतू पुन्हा वाढतो तो दिवसाला साधारण १ मिलिमीटर. गुडघ्यापासून बोटांपर्यंतचं अंतर अर्धा मीटर धरलं तरी ५०० दिवस झाले, आणि काहींच्या बाबतीत तो पुरता परत येतच नाही. बधिर पावलांनी धावणाऱ्याला खडा कळत नाही, फोड कळत नाही, पाऊल तिरकं पडलेलं कळत नाही. म्हणून सपाट, ओळखीचा, उजेडाचा रस्ता निवडायचा आणि घरी आल्यावर तळवे डोळ्यांनी तपासायचे.

औषधं आणखीही खुणा ठेवून जातात. कर्करोगावरचं डॉक्सोरुबिसिन एकूण मात्रेच्या प्रमाणात हृदयाच्या स्नायूला इजा करू शकतं, आणि ती इजा कधी कधी उपचार संपल्यावर कितीतरी वर्षांनी दिसते. ते घेतलेल्याने सराव सुरू करण्याआधी इकोकार्डिओग्राम (हृदयाची सोनोग्राफी) करून घ्यावा. कर्करोगावरचंच ब्लीओमायसिन घेतलेल्याने फुप्फुसांची तपासणी करावी. हृदयविकारानंतर दिली जाणारी बीटा ब्लॉकर गटातली औषधं हृदयाचे ठोके फारसे वाढू देत नाहीत, त्यामुळे मनगटावरच्या घड्याळातले आकडे आणि त्यावरून ठरवलेले ‘झोन’, म्हणजे सरावाच्या जोराचे टप्पे, अशा माणसाच्या उपयोगाचे राहत नाहीत. घड्याळ सांगतं आराम चाललाय, आणि प्रत्यक्षात तो माणूस जिवाच्या करारावर धावत असतो.

यावर स्वीडनचे मानसशास्त्रज्ञ गुन्नार बोर्ग यांनी १९६०च्या दशकात एक साधा उपाय काढला. श्रम किती वाटतात ते माणसालाच विचारायचं, ६ ते २० या मोजपट्टीवर. ६ म्हणजे काहीच नाही, २० म्हणजे याच्यापुढे अशक्य. निरोगी तरुणात या आकड्याला दहाने गुणलं की ठोक्यांचा अंदाज मिळावा, अशी तिची रचना आहे. औषधांनी ठोके दाबलेले असले तरी ही जाणीव बरीचशी शाबूत राहते. सरावाचा बहुतेक भाग ११ ते १३च्या दरम्यान करावा. त्याहूनही सोपी कसोटी म्हणजे शेजारच्याशी पूर्ण वाक्यात बोलता आलं पाहिजे. वाक्य तुटायला लागलं की वेग कमी करा.

दर आठवड्याला अंतर १० टक्क्यांहून जास्त वाढवू नये, हा नियम धावणाऱ्यांमध्ये वेदवाक्यासारखा सांगितला जातो. नेदरलँड्समध्ये पाचशेहून अधिक नवशिक्यांवर तो तपासला गेला. २००८ साली निष्कर्ष आले तेव्हा नियम पाळणारे आणि न पाळणारे, दोन्ही गटांत साधारण पाचातला एक जण जखमी झालेला निघाला. म्हणून वाढ कशीही करावी असं मी म्हणणार नाही. पण आजारातून उठलेल्याने टक्केवारीपेक्षा दुसऱ्या दिवशीची सकाळ पाहावी. उठल्यावर पाय कालच्यासारखेच हलके आहेत का, झोप नीट लागली का, विश्रांतीतली नाडी नेहमीपेक्षा आठ-दहा ठोक्यांनी वर तर नाही? दर तीन आठवड्यांनी एक आठवडा मुद्दाम कमी धावावं. आणि चालण्याची लाज मुळीच बाळगू नये. चार मिनिटं धावणं, एक मिनिट चालणं, असं करत पूर्ण मॅरेथॉन संपवता येते. चालण्याच्या त्या मिनिटात पोटऱ्या आणि कंडरांवर सतत बसणारे धक्के थांबतात.

अंतराचं गणितही संथ माणसाच्या बाजूचं आहे. एक किलोमीटर धावायला शरीराच्या दर किलोमागे साधारण १ किलोकॅलरी लागते. ६० किलोच्या माणसाला ४२.१९५ किलोमीटरसाठी अडीच हजारांच्या आसपास. यकृतात १०० ग्रॅम आणि स्नायूंत ४०० ग्रॅमच्या घरात साठवलेल्या ग्लायकोजेनमधून मिळतात सुमारे २,०००. स्नायू झडलेल्या माणसाचं कोठार त्याहून लहान. वेग कमी ठेवला की जळणात चरबीचा वाटा वाढतो आणि ग्लायकोजेन लांबवर पुरतं. पाण्याच्या बाबतीत मात्र संथ धावणाऱ्याला वेगळा धोका आहे. पाच-सहा तास प्रत्येक थांब्यावर पाणी पीत गेलं की रक्तातलं सोडियम पातळ होतं. २००२च्या बॉस्टन मॅरेथॉनमध्ये तपासलेल्या ४८८ धावपटूंपैकी १३ टक्क्यांचं सोडियम शर्यतीच्या शेवटी प्रमाणापेक्षा कमी भरलं होतं. मूत्रपिंडं कमजोर असणाऱ्याने किंवा लघवी वाढवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्याने किती प्यायचं, हे आधीच डॉक्टरांशी बोलून ठरवावं. एरवी तहान लागेल तसं प्यावं.

काही आजारांत मात्र जिद्द घात करते, आणि हे मला ठासून सांगायचं आहे. हृदयाच्या स्नायूला सूज आली असेल, म्हणजे मायोकार्डायटिस झाला असेल, तर तीन ते सहा महिने जोराचा व्यायाम वर्ज्य मानला जात आला आहे. सुजलेल्या स्नायूत ठोक्यांची लय अचानक बिघडू शकते, आणि त्याआधी ‘बरं वाटतंय’ याला काही अर्थ नसतो. दुसरा प्रकार दीर्घ थकव्याच्या आजाराचा आणि कोविडनंतर रेंगाळणाऱ्या त्रासाचा. त्यातल्या बऱ्याच जणांना थोड्याशा श्रमानंतर लगेच नव्हे, तर एक-दोन दिवसांनी जबरदस्त कोसळल्यासारखं होतं, आणि ते आठवडेही टिकू शकतं. अशा रुग्णांना ‘रोज थोडं थोडं वाढवत न्या’ हा सल्ला अपायकारक ठरू शकतो. दीर्घ थकव्याच्या आजारासाठीची तशी ठरीव व्यायामपद्धत ब्रिटनच्या नाइस या आरोग्यसंस्थेने २०२१ साली आपल्या शिफारशींतून काढून टाकली. अशा रुग्णांना आळशी म्हणणाऱ्या नातेवाइकांनी हे जरूर वाचावं.

बरं होण्यासाठी मॅरेथॉन धावण्याची गरज आहे का? नाही. मोठ्या आतड्याच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया आणि केमोथेरपी झालेल्या ८८९ रुग्णांवरची एक चाचणी २०२५ साली प्रसिद्ध झाली. एका गटाला तीन वर्षं प्रशिक्षकाच्या मदतीने व्यायाम दिला, दुसऱ्याला आरोग्याची माहितीपुस्तिका. आठ वर्षांनी पहिल्या गटातले ९० टक्के हयात होते, दुसऱ्यातले ८३ टक्के. त्या व्यायामाचं प्रमाण म्हणजे आधीच्या सवयीवर आठवड्यातून तीन-चारदा पाऊणएक तास झपाझप चालण्याची भर. एवढंच.

तरी माणसं धावतात, आणि का धावतात हे मला कळतं. आजारात शरीर दुसऱ्यांच्या हातात गेलेलं असतं. कुणी सुई टोचतं, कुणी कूस बदलतं. स्वतःच्या पायांनी ठरवून गाठलेलं अंतर हे शरीर पुन्हा आपल्या ताब्यात आल्याची खूण असते. न्यूयॉर्क मॅरेथॉनचे प्रणेते फ्रेड लेबो यांना १९९० साली मेंदूच्या कर्करोगाचं निदान झालं. १९९२ साली, साठीत, ते आपली शर्यत पूर्ण धावले, साडेपाच तासांहून थोड्या जास्त वेळात. तीच शर्यत नऊ वेळा जिंकलेली ग्रेटे वाइट्झ सबंध वाट त्यांच्या चालीने शेजारून धावली. दोन वर्षांनी ते गेले.

त्याच्याही आधी, झटका आलेल्या माणसाने धावणं म्हणजे आत्महत्या असं बहुतेक डॉक्टर मानत होते तेव्हा, टोरांटोचे डॉ. टेरेन्स कॅव्हना यांनी हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या आपल्या काही रुग्णांना दीर्घ, मोजूनमापून सराव देऊन १९७३च्या बॉस्टन मॅरेथॉनला उतरवलं. पुढच्या दशकात त्यांच्याच देखरेखीखाली एक माणूस प्रत्यारोपण केलेलं हृदय घेऊन मॅरेथॉन धावला.

त्या हृदयाची गंमत विलक्षण आहे. प्रत्यारोपणात मेंदूकडून येणारे मज्जातंतू कापले जातात. लगाम लावणारा मज्जातंतू तुटल्यामुळे असं हृदय विश्रांतीतही मिनिटाला ९० ते ११० ठोके देतं. धावायला सुरुवात केली तरी त्याला कुणी कळवत नाही. हृदयाला वेग देणारं ॲड्रिनलिन हे संप्रेरक रक्तातून वाहत तिथवर पोचेल तेव्हा ते हळूहळू वेग धरतं. म्हणून अशा धावपटूने पहिली पंधरा मिनिटं नुसतं चालायचं, हृदयाला निरोप पोचू द्यायचा. थांबल्यावरही तसंच: शेजाऱ्याचे ठोके मिनिटभरात उतरू लागतात, याचे मात्र, रक्तातलं ॲड्रिनलिन ओसरेपर्यंत, चढेच राहतात. मग काही जणांत, प्रत्यारोपणानंतर काही वर्षांनी, तुटलेल्या तंतूंची काही टोकं वाढत वाढत नव्या हृदयापर्यंत येतात, आणि चढाची पहिली पावलं पडताच ते हृदय पूर्वीपेक्षा लवकर वेग घेऊ लागतं.